मेथीच्या जुडीत किती सिंहगड?

आमच्या बाल्कनीत ऊन येत नाही. समोर नवी इमारत उभी राहिली आणि ते अडलं. मग मी हॉलच्या कोपऱ्यात दोन फूट बाय दोन फुटांची फळी टाकली, वर एलईडीचा ग्रो लाइट टांगला आणि ट्रेमध्ये मेथी पेरली. चौथ्या दिवशी कोंब वर आले, आणि त्याच दिवशी घरातून प्रश्नही आला. "याचं बिल किती येणार?"

प्रश्न साधा, चौथीतल्या गुणाकाराचा. म्हटलं, पाच मिनिटांत सांगतो. त्या पाच मिनिटांचे पंधरा दिवस झाले.

सुरुवात युनिटपासून. हजार वॉटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट, हे आपण शाळेत घोकलेलं असतं. पण एक युनिट म्हणजे नक्की केवढं काम? समजा, साठ किलोचा माणूस सिंहगड चढतोय. पायवाटेची उभी चढण साधारण ६०० मीटर धरू. स्वतःचं वजन वर नेण्यात त्याने जेवढं काम केलं, ते भरतं युनिटचा जेमतेम दहावा भाग. म्हणजे एक युनिट बरोबर दहा सिंहगड! धापा टाकत, गुडघे धरत, दहा वेळा. आणि सगळे आकार धरून त्या युनिटचे आपण मोजतो साधारण दहा रुपये. गडामागे एक रुपया! वरचं पिठलं-भाकरी वेगळं.

आता हिशेब मांडू. वॉट गुणिले तास गुणिले दिवस, भागिले १०००. झालं. फक्त त्यातला पहिला आकडा खरा हवा, आणि नेमका तिथेच मी फसलो होतो. माझ्या दिव्याच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ३०० वॉट छापलं होतं. पण असे आकडे पुष्कळदा 'जुन्या पद्धतीच्या इतक्या वॉटच्या दिव्याएवढा प्रकाश' अशा ऐसपैस अर्थाने लिहिलेले असतात. दिवा प्रत्यक्षात किती वीज खातो हे कसं कळणार?

त्याचं उत्तर आपल्या जिन्याखाली लुकलुकत असतं. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारका लाल दिवा असतो आणि शेजारी एक आकडा छापलेला असतो. कुणाकडे १६००, कुणाकडे ६४००, माझ्याकडे ३२००. म्हणजे एक युनिट संपेपर्यंत तो दिवा ३२०० वेळा लुकलुकणार. घराची नाडीच ती! मी मोबाइल घेऊन खाली गेलो, बायको वर.

"सगळं बंद केलं?"

"केलं."

"फ्रिज?"

"बंद."

"वायफाय?"

"आता तेही का? बरं, केलं. लावते तुझी मेथी."

लाल दिवा लुकलुकला. मी मोजायला लागलो. तीनशे वॉट खरे असते तर चार सेकंदांच्या आत तो पुन्हा लुकलुकायला हवा होता. दहा सेकंद गेले. वीस गेले. अठ्ठाविसाव्या सेकंदाला लुकलुकला. ३२०० च्या मीटरवर ११२५ ला सेकंदांनी भागलं की वॉट मिळतात. ११२५ भागिले २८, म्हणजे ४० वॉट! कसलंही यंत्र विकत न घेता, नुसत्या घड्याळावर खोक्याचं बिंग फुटलं.

४० वॉट, रोज बारा तास, तीस दिवस. १४.४ युनिटं. शिवाय पाणी फिरवणारा इवलासा पंप, ५ वॉटचा. तो काय खाणार, असं वाटतं ना? पण तो चोवीस तास चालतो आणि महिन्याला ३.६ युनिटं संपवतो, दिव्याच्या चौथ्या हिश्शाएवढी. ३ वॉटचा छोटा पंखाही अखंड फिरतो, त्याची दोनेक. मुंगी मेरू पर्वत कसा गिळते हे पाहायचं असेल तर चोवीस तास चालणारी बारीक उपकरणं मोजा. एकूण झाली वीस युनिटं.

त्यांना कुठल्या दराने गुणायचं? महावितरणचं घरगुती बिल जिन्यासारखं चढतं. पहिली १०० युनिटं स्वस्त, १०१ ते ३०० बरीच महाग, ३०१ ते ५०० त्याहून, आणि पुढे आणखी. शंभर ओलांडली की सगळं बिल महाग होतं, ही समजूत चुकीची. खालच्या पायरीवरची युनिटं खालच्याच दराने राहतात. पण मेथीचा दिवा हा घरात सगळ्यात शेवटी आलेला पाहुणा. त्याला जागा मिळते ती वरच्या पायरीवर. आमचा महिन्याचा वापर ९५ युनिटं. त्यावर ही वीस. पाच खालच्या पायरीत मावली, पंधरा वर गेली. म्हणून एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून काढलेला सरासरी दर इथे फसवतो. वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क या युनिटांवरही लागतं, स्थिर आकार मात्र दिव्यामुळे हलत नाही. शेजारच्या घरी हीच मेथी वेगळ्या भावात पडेल. गोळाबेरीज करून मी दोनशे रुपये धरले.

घरच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. इथे थांबायला हवं होतं. पण मनात आलं, बाराच तास का? सहा तास लावून निम्मे पैसे का वाचवू नयेत?

कारण झाडाला उजेड 'दिसत' नाही, ते त्याचे कण गिळतं. हे प्रकाशकण एवढे बारीक आणि एवढे अफाट, की वाणी जसा तांदळाचे दाणे न मोजता किलोने देतो, तसे शास्त्रज्ञ ते मोलने मोजतात. एक मोल म्हणजे ६ वर २३ शून्यं! हवेतला कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू पकडून त्याची साखर करायला पानाला निदान आठ कण लागतात. पालेभाजी नीट वाढायची तर चौरस मीटरला दिवसाकाठी साधारण १२ मोल हवेत. माझी फळी चौरस मीटरच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडी मोठी, म्हणजे तिला हवेत चार-साडेचार. ४० वॉटचा चांगला एलईडी बारा तासांत तेवढे देतो. सहाच तास लावला तर मेथी अर्धपोटी राहील आणि उजेड शोधत लांबुडकी, लेचीपेची वाढेल.

गंमत म्हणजे प्रकाश झाडासाठी नुसतं जेवण नसतो, निरोपही असतो. ड्रॅगन फ्रूटच्या काही बागांत हिवाळ्यातल्या रात्री शेतकरी बल्ब लावतात, ते पाहिलंय? त्या मिणमिणत्या उजेडात झाड पोट भरू शकत नाही. पण रात्र मोठी झालेली त्याला समजत नाही, अजून उन्हाळाच आहे असं वाटून ते फुलतं. निरोपाला चिमूटभर उजेड पुरतो, जेवणाला पोतंभर लागतो. बिल येतं ते जेवणाचं.

आणि हे जेवण आज परवडतं, ते एका निळ्या ठिणगीमुळे. लाल एलईडी १९६२ मध्येच चमकला होता. निळा तेजस्वी एलईडी मात्र १९९० च्या दशकापर्यंत कुणाला साधेना. आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांनी तो साधला आणि २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवलं. आपल्या पांढऱ्या एलईडीच्या पोटातही तोच निळा असतो, वर पिवळसर लेप दिलेला. त्याआधीचा पिवळा बल्ब शंभर रुपयांच्या विजेतून पाचेक रुपयांचा उजेड द्यायचा, बाकीची नुसती ऊब. त्याच्यावर मेथी पिकवणं म्हणजे नोटा जाळून चहा करणं.

महिना भरला. फळीवरून निघाल्या पाच जुड्या. वीस युनिटं भागिले पाच, जुडीमागे चार युनिटं. चाळीस रुपयांची नुसती वीज. आणि सिंहगडाच्या मापात? एका जुडीसाठी चाळीस वेळा गड!

मग बाजारात ती वीस रुपयांना कशी मिळते?

हा प्रश्न पडला आणि मी कागद उलटा केला. आजवर दिव्यावरून मेथीकडे येत होतो, आता सूर्याकडे निघालो. स्वच्छ उन्हाच्या दिवशी उघड्या जमिनीच्या चौरस मीटरवर साधारण ४० मोल प्रकाशकण पडतात. तेवढे माझ्या दिव्याने द्यायचे तर जवळजवळ साडेचार युनिटं जाळावी लागतील. एका चौरस मीटरला, एका दिवसाला. एका एकरात असतात सुमारे ४०४७ चौरस मीटर. गुणाकार केला आणि आकडा चुकला असं वाटून पुन्हा केला. १८,००० युनिटं! घरातल्या दराने एक लाख ऐंशी हजार रुपयांचा प्रकाश, एका एकरावर, एका दिवसात. उद्या पुन्हा तेवढाच. बिल नाही, पायऱ्या नाहीत, वहन आकारही नाही. साडेआठ मिनिटांच्या आत पंधरा कोटी किलोमीटरवरून घरपोच.

आमच्या बाल्कनीतून समोरच्या इमारतीने काय उचलून नेलं, ते मला त्या दिवशी रुपयांत कळलं.

परवा मंडईत गेलो. "मावशी, मेथी कशी?"

"वीसला एक, पस्तीसला दोन."

एरवी मी तीसला मागितल्या असत्या. त्या दिवशी मुकाट्याने पस्तीस काढून दिले. जुड्या पिशवीत टाकताना हाताला जाणवलं, वरची पानं कोमट होती.