वेब फीड
संकेतस्थळावर नव्याने प्रसिद्ध झालेल्या मजकुराची शीर्षक, दुवा, दिनांक व सारांश यांसह तयार केलेली यंत्रवाच्य सूची. आरएसएस हा तिचा प्रकार नेटस्केप कंपनीने १९९९ मध्ये प्रचारात आणला. ॲटम हा दुसरा प्रकार २००५ मध्ये प्रमाणित झाला. फीडवाचक ही आज्ञावली वाचकाने निवडलेल्या सूची ठराविक कालांतराने तपासते व नवा मजकूर सामान्यतः कालक्रमाने एकत्र मांडते. त्यामुळे प्रत्येक संकेतस्थळास वारंवार भेट द्यावी लागत नाही. शिवाय समाजमाध्यमांत मजकुराची निवड बहुतांशी कंपनीच्या अल्गोरिदमावर अवलंबून असते. येथे ती वाचकाच्याच हाती राहते. गूगल रीडर ही लोकप्रिय सेवा २०१३ मध्ये बंद झाली. तथापि फीडचे स्वरूप खुले असल्याने वाचकांना आपली यादी ओपीएमएल धारिकेद्वारे अन्य फीडवाचकांत नेता आली. पॉडकास्टचे वितरणही मुख्यतः आरएसएसद्वारेच होते.