जुमेरातची पंधरा मिनिटे

आमच्या घरात गेली तीन वर्षे एक रिवाज पडला आहे. जुमेरातला इशाची नमाज झाली, जेवणे उरकली, की घरातले सगळे मोबाईल फ्रिजवर ठेवायचे आणि टीव्हीसमोर सतरंजी टाकून एकत्र काहीतरी पाहायचे. त्याआधी आमच्याकडेही तेच होते जे वाशिम जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावात बहुतेक घरांत असते. पाच माणसे, पाच कोपरे आणि पाच पडदे. कोण काय पाहतो, कुणालाच ठाऊक नाही.

तीन तासांचा सिनेमा आम्हाला जमेना. अम्मींना लवकर झोप येते, सकाळी शाळा असते. म्हणून आम्ही लघुपटांकडे वळलो. पंधरा मिनिटांत कथा संपते आणि बोलायला वेळ उरतो. कधी सुट्टी जोडून आली तर एखादा कमी गाजलेला रहस्यपट पाहतो. रहस्यपटच का? कारण "आगे क्या होता" या एका प्रश्नावर सत्तरीतल्या अम्मी आणि बारावीतला मुलगा सारखेच जागे राहतात.

या तीन वर्षांत आमची काही मते बनली आहेत. ती वाचकांपुढे ठेवतो.

पहिले मत असे की थरार रक्तात नसतो. नीरज घायवान यांचा 'ज्यूस' हा 2017चा लघुपट घ्या. एका घरात मेजवानी आहे. पुरुष कूलरपुढे बसून गप्पा मारताहेत, बायका तापलेल्या स्वयंपाकघरात घामाघूम. ना खून, ना पोलीस. तरी शेफाली शाह हातात थंड ज्यूसचा ग्लास घेऊन, खुर्ची ओढून कूलरपुढे येऊन बसते आणि नवऱ्याकडे नुसती पाहते, तेव्हा आमच्या दिवाणखान्यात कुणी श्वासही घेतला नाही. आमच्याकडचा मे महिना ज्याने पाहिला आहे, त्याला कूलर म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. त्या वर्षीच्या रमजानमध्ये इफ्तारची भजी तळायला घरातले पुरुषही उभे राहिले. पहिल्या दिवशी भजी कच्ची राहिली, पण पंखा मात्र स्वयंपाकघरात आला तो आजही तिथेच आहे.

दुसरे मत. शेवटच्या मिनिटाला नुसता धक्का देणारे लघुपट हल्ली ढिगाने येतात. धक्का बसतो आणि सकाळपर्यंत विसरून जातो. अमित कुमार यांचा 2003चा 'द बायपास' मात्र लक्षात राहिला. राजस्थानातला ओसाड रस्ता, इरफान खान आणि नवाजुद्दीन सिद्दीकी, आणि संवाद जवळजवळ नाहीतच. एकाने लुटायचे, त्याच्यावर दुसऱ्याने टपून बसायचे. लोभाची साखळी कुठे जाते ते न बोलता कळते. यात हिंसा आहे, म्हणून लहान मुलांना झोपवून मगच पाहावा.

याच्या उलट, लहानांना पुढे बसवून पाहावा असा मराठी लघुपट म्हणजे राज प्रीतम मोरे यांचा 'खिसा'. कैलास वाघमारे यांनी लिहिलेला. खेड्यातल्या एका शाळकरी पोराला शर्टाला मोठा खिसा हवा असतो, आपला खजिना ठेवायला. इतक्याशा गोष्टीवरून मोठ्यांच्या जगात काय काय होते, ते पाहताना जीव टांगणीला लागतो. दिग्दर्शकाच्या पहिल्या लघुपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला आहे.

आपल्या विदर्भाची गोष्ट पाहायची तर श्रीहरी साठे यांचा 'एक हजाराची नोट' आहे. 2014मध्ये गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात त्याने विशेष ज्युरी पुरस्कार मिळवला, तरी आमच्या शिक्षक कक्षात कुणी त्याचे नाव ऐकले नव्हते. शेतकरी मुलगा गमावलेल्या गरीब म्हातारीला निवडणुकीच्या सभेत एक नेता हजाराच्या काही नोटा देतो. ती शेजाऱ्याला घेऊन बाजाराला निघते आणि तिथून संशय सुरू होतो. हिच्याकडे एवढे पैसे आले कुठून? उषा नाईक यांनी ती बुढी अशी उभी केली आहे की अम्मी मध्येच टीव्हीला म्हणाल्या, "अरे छोड़ो उसको, उसने क्या किया!"

आता ज्या सिनेमामुळे हा लेख लिहावासा वाटला, त्याकडे येतो. राजकुमार गुप्ता यांचा 'आमिर', 2008चा. लंडनहून मुंबईत उतरलेला एक मुस्लिम डॉक्टर. त्याच्या हातात कुणीतरी फोन देतो. घरचे लोक ओलीस आहेत, सांगतो तसे कर. राजीव खंडेलवालने तो घामेजलेला, गोंधळलेला माणूस फार सच्चा केला आहे. शेवट सांगावा लागतो, माफ करा. निष्पाप प्रवासी वाचावेत म्हणून तो बॉम्ब असलेली लाल बॅग घेऊन दूर पळतो आणि स्वतः मरतो. बातम्यांत मात्र तोच दहशतवादी ठरतो.

सिनेमा संपला तेव्हा घरात कुणी बोलेना. थोरला मुलगा जूनमध्ये शिकायला पुण्याला जाणार होता. तो म्हणाला, "आपण पाहिलं म्हणून आपल्याला माहीत आहे तो कसा होता. बाकीच्यांना कोण सांगणार?"

वर्गात प्रश्न आला की शिक्षकाला उत्तर सुचते. त्या रात्री आम्हाला सुचले नाही.

या सिनेमाबद्दल आमची तक्रारही आहे. नायक आपल्यातला घेतला, त्याला सद्सद्विवेक दिला, हे मोठेच. पण मोहल्ला दाखवताना तेच अंधारे जिने, तेच रोखून पाहणारे चेहरे, तेच मटणाचे दुकान. आमच्या मोहल्ल्यात शिंपी आहेत, मास्तर आहेत, एस.टी.चे कंडक्टर आहेत. ते रोखून पाहत नाहीत, चहा विचारतात. किती तरी थरारपटांत अजानचा आवाज आला की पुढे काहीतरी भयंकर घडणार हे प्रेक्षकाने ओळखावे अशी सवयच लावली आहे. ज्या आवाजाने आमच्या घरात रोजा सुटतो, तो आवाज भीतीची खूण कसा झाला? हे रागावून नव्हे, समजून मुलांना दाखवले पाहिजे. कॅमेरा कुठे ठेवला, मागे कोणता आवाज लावला, हे ओळखायला मुले शिकली की ती स्वतःकडे दुसऱ्याच्या कॅमेऱ्यातून पाहत नाहीत.

पुढच्या जुमेरातला आम्ही मुद्दाम 'एक रुका हुआ फैसला' लावला. बासू चटर्जी यांचा 1986चा सिनेमा, मूळ कथा अमेरिकेतली. एक खोली, बारा माणसे. बापाच्या खुनाचा आरोप असलेल्या झोपडपट्टीतल्या पोराचा निवाडा करायचा आहे. अकरा जण झटकन दोषी म्हणतात. के. के. रैना यांनी केलेला बारावा एवढेच म्हणतो की आधी बोलू तरी. त्यात 'ही माणसे असलीच' असे मानणारा एक आहे, घरी जायची घाई असलेला एक आहे. असे लोक आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे असतात. आणि प्रामाणिकपणे पाहिले तर आपणही कुणाबद्दल तरी तसेच बोललेले असतो. आमच्या वर्गात मागच्या वर्षी पेन हरवले तेव्हा पहिले नाव ज्या पोराचे निघाले, त्याचे दप्तर आम्हीच सर्वांसमोर तपासले होते. पेन त्याच्याकडे नव्हते. सिनेमा पाहताना ते दप्तर आठवले. दुसऱ्या दिवशी त्या पोराला वर्गासमोरच सॉरी म्हटले. तो नुसता हसला.

मुलाचा प्रश्न त्याने सुटला असे आम्ही म्हणणार नाही. पण तो म्हणाला, "एकाने जरी विचारलं तरी पुरतं." अम्मी म्हणाल्या, "और बेटा, वो एक तू भी हो सकता है, दूसरों के लिए."

जूनमध्ये तो पुण्याला गेला. फ्रिजवर आता एक मोबाईल कमी असतो. जुमेरातला त्याचा फोन येतो, काय पाहिलं विचारायला. मागच्या महिन्यात त्याने साताऱ्याच्या खोलीसोबत्याला 'खिसा' दाखवला. तो सोबती म्हणे लहानपणी खिशात चिंचोके ठेवायचा. मग दोघे रात्री उशिरापर्यंत बोलत बसले.

वाचकहो, दोनच गोष्टी सुचवतो. मुलांना काही दाखवण्याआधी एकदा स्वतः पाहा. आणि सिनेमा संपला की लगेच दिवा घालवू नका. खरे बोलणे तिथून पुढेच निघते. तुमच्या घरी काय पाहिले, काय पटले, काय खटकले, तेही जरूर कळवा. आमची पुढची जुमेरात अजून ठरायची आहे.