अधांतरी नळी

देवळातील घंटा निनादत असता तिच्या काठाला कोणी बोट लावले, की नाद तेथल्या तेथे विरतो. हा अनुभव बहुतेक वाचकांस असेल. रायफलीची पोलादी नळीही गोळी सुटताना अशीच निनादते आणि तिला कोठे काय टेकले आहे ह्यावर गोळीची दिशा अवलंबून असते, ही गोष्ट मात्र फारशी कोणास ठाऊक नसते. बंदूक म्हणजे ताठ, निश्चल लोखंड अशीच आपली समजूत. वस्तुस्थिती निराळी आहे. काडतुसातील दारू पेटताच आतील वायूचा दाब हवेच्या दाबाच्या तीन हजार पटींहून अधिक होतो. नळीतून बाहेर पडण्यास गोळीला सेकंदाचा जेमतेम हजारावा भाग लागतो. आणि तेवढ्या अवकाशात नळी वाकते, थरथरते, तिचे तोंड कणभर वरखाली होते. गोळी निसटण्याच्या क्षणी ते तोंड जिकडे वळलेले असेल तिकडे ती जाणार. अर्धा मीटर लांबीच्या नळीचे टोक मिलिमीटरच्या केवळ दहाव्या भागाने सरकले, तरी ३०० मीटरांवर गोळी निदान ६ सेंटिमीटर चुकते.

ह्यावरून ही थरथरच घातक असे कोणी अनुमान काढील, तर ते बरोबर नव्हे. ए. मॅलक ह्या इंग्रज संशोधकाने १९०१ साली रॉयल सोसायटीपुढे नळीच्या कंपनांवर निबंध सादर केला होता, आणि पुढे नेमबाजांनीही एक चमत्कारिक गोष्ट अनुभवली. आपल्याकडील पोलिसांच्या खांद्यावर कित्येक वर्षे दिसलेली ‘थ्री-नॉट-थ्री’, म्हणजेच ब्रिटिशांची ली-एन्फील्ड, जवळच्या पल्ल्यावर सामान्यच वाटे. परंतु ९०० किंवा १००० यार्डांवर ती भल्याभल्या रायफलींस हार जात नसे. कारण असे, की गोळी बाहेर पडत असता तिच्या नळीचे तोंड वर उचलले जात असे. एखादी गोळी किंचित मंद गतीची निघाली, तर ती किंचित उशिराच बाहेर येई, म्हणजे तोंड अधिक वर गेल्यावर. आणि वाटेत ती अधिक खाली पडे ती तूट ह्या चढाने भरून निघे. दोष थरथरीचा नाही; तो ती दर वेळी निराळी होण्याचा आहे.

आणि ती निराळी होण्यास निमित्ते थोडी नाहीत. पहिल्या महायुद्धातील ली-एन्फील्डला नळीच्या टोकापर्यंत लाकडाचे आच्छादन असे. सैनिकाचा हात भाजू नये आणि संगिनीच्या धक्क्याने नळी वाकू नये, म्हणून ते हवेच होते. पण लाकूड ते लाकूड! पावसाळ्यात कोकणातील घरांची दारे कशी फुगून चौकटीत अडकतात, हे सांगावयास नको. रायफलीचे लाकूडही तसेच ओलाव्याने फुगते, उन्हाने आक्रसते, आणि सकाळी नळीला डावीकडून टेकणारे दुपारी उजवीकडून टेकू लागते. शिवाय दहावीस गोळ्या झाडल्यावर नळी तापून लांबते, तिचा लाकडावरील भार बदलतो, आणि शेवटच्या गोळ्या पहिल्यांपासून दूर पडतात. नेम धरणाऱ्याची ह्यात काडीचीही चूक नसते.

ह्यावर जुन्या कारागिरांचा उपाय भांडण्याचा नव्हे, तडजोडीचा होता. दुसऱ्या महायुद्धातील ‘नंबर ४’ रायफलीत नळी मध्ये मोकळी ठेवून तोंडाशी मात्र लाकडाने तिला खालून थोडा, पण नेमका दाब द्यावा, अशी योजना असे. तो दाब साधण्यासाठी लाकूड हाताने तासून बसवीत. अचूक मारा करणाऱ्या निवडक रायफली लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड ह्या प्रसिद्ध पेढीकडे जात. तेथे त्यांवर दुर्बिणी चढवून त्या स्नायपरांसाठी सिद्ध केल्या जात. ही कला खरी. परंतु ती कारागिराच्या हातात राही, आणि एका पावसाने ती बिघडे.

१९५४ साली उत्तर अटलांटिक करारातील राष्ट्रांनी ७.६२ मिलिमीटरचे काडतूस एकमताने स्वीकारले, तेव्हा .३०३ चे दिवस भरले. स्नायपरांच्या जुन्या रायफलींचे करावे काय? ब्रिटिशांनी त्या मोडीत काढल्या नाहीत. १९७० च्या सुमारास एन्फील्डच्या सरकारी कारखान्यात सुमारे हजार रायफलींच्या नळ्या उतरवून त्या जागी ७.६२ च्या नव्या, जाड आणि वजनदार नळ्या बसविण्यात आल्या, आणि पुढचे लाकूड अर्ध्यावर छाटून टाकण्यात आले. नळी मुळाशी तेवढी घट्ट. तेथून पुढे तिला ना लाकूड, ना कडे, ना दाब. अशी ती अधांतरी. ‘एल४२ए१’ ह्या नावाने ही रायफल १९८२ च्या फॉकलंड युद्धातही वापरली गेली. म्हणजे पूर्वी ज्या गोष्टीसाठी इतका खटाटोप करावा लागे, ती लाकूड काढून टाकूनच साधली! मला ह्या कथेत सर्वांत मौजेचा भाग वाटतो तो हाच.

अमेरिकेत हाच प्रश्न निराळ्या वेषात आला. युजीन स्टोनरच्या ‘एआर-१५’ रायफलीत लाकूड नाही. पण हाताने धरावयाचे प्लॅस्टिकचे आवरण नळीच्या मुळाशी असलेले कडे व पुढची टोपी ह्यांमध्ये अडकविलेले, आणि खांद्याच्या पट्ट्याची कडी नळीवरील माशीच्या बैठकीस. पालथे पडून नेम धरताना नेमबाज तो पट्टा दंडाभोवती आवळतो. साहजिकच ताण थेट नळीवर येतो आणि गोळी खाली उतरते. ओहायोतील कँप पेरी येथे १९०७ पासून राष्ट्रीय सामने होत आले आहेत. तेथील ‘सर्व्हिस रायफल’ प्रकारात हत्यार बाहेरून लष्करी दिसले पाहिजे असा दंडक. म्हणून स्पर्धकांनी आवरणाच्या पोटात एक धातूची नळकांडी दडविली. ती मुळाशी बसते. पट्टा तिला बांधावयाचा, खरी नळी आत मोकळी. आज असे आवरण उघडपणे विकले जाते.

परंतु येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे प्राप्त आहे. आवरण डोळ्यांत भरते, म्हणून हौशी लोक प्रथम तेच घेतात. वास्तविक रायफलीचा प्राण नळीत असतो. जळत्या वायूच्या झोताने तिचे आटे मुळाशी, गोळी प्रथम जेथे शिरते तेथे, काही हजार गोळ्यांत झिजून जातात. अशी झिजलेली नळी अधांतरी ठेवली, तरी ती वाईटच राहते. मोकळेपणा तिचे गुण राखतो, नवे निर्माण करीत नाही. आणि नळी बदलणे हे घरचे काम नव्हे. काडतूस बसण्याच्या जागेतील अंतर मापाने तपासावे लागते. ते चुकल्यास काडतूस तोंडाशेजारीच फुटावयाचे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने असा धंदा परवान्याखेरीज करता येत नाही, हे उचितच आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे ह्याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल तीन स्थितींच्या प्रकारात ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळविले. ह्या प्रकारातील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरांचे असते, आणि ह्या क्रीडेतील रायफलींच्या नळ्या मुळाशी तेवढ्या धरलेल्या असतात. गुडघ्यावर बसून आणि पालथे पडून मारताना पट्ट्याचा ताण दस्त्याकडील भाग सोसतो, नळीला त्याची वार्ताही नसते. उभ्याने मारताना पट्टा वापरण्यासच बंदी. तेथे रायफल आणि माणूस ह्यांच्यात केवळ एक कोपर, एक खांदा आणि गाल एवढेच उरतात.