कानातला बिल्ला, हातातला फोन

सालेकसा तालुक्यात धान कापलं की कडपा चार-पाच दिवस बांधीतच वाळत पडलेला असतो. नेमकं त्याच दिवसांत आभाळ भरून आलं, तर घरोघरी एकच घोर लागतो: आज बांधून पुंजणं घालावं, की राहू द्यावं? अशा वेळी वेळेवर कळलेली एक गोष्ट वर्षाची कमाई वाचवते. ती कळवण्याची साधनं आज हाताशी आहेत. पण आखरावर आणि आठवडी बाजारात त्यांच्याविषयी इतकं खरंखोटं ऐकू येतं की कामाची साधनंही बाजूला पडतात. त्यातले पाच समज इथे तपासून पाहू.

गैरसमज १ : हे सगळं मोठ्या फोनवाल्यांसाठी आहे.

वस्तुस्थिती : किसान कॉल सेंटर २००४ पासून चालू आहे. १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत, बटणाच्या साध्या फोनवरूनही, फुकट आणि मराठीत बोलता येतं. जनावर आजारी असेल, तर पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा क्रमांक आहे.

मात्र प्रश्न मोघम विचारला तर उत्तरही मोघमच मिळतं. तुडतुड्याचंच पाहा. धुऱ्यावरून धान हिरवंगार दिसतं, कारण हा किडा पानावर नाही, पाण्यालगत बुंध्याशी बसतो. वरून गोल गोल पिवळे चट्टे दिसू लागतात तोवर उशीर झालेला असतो. म्हणून आधी बांधीत उतरावं, चुडाचा बुंधा बाजूला करून पाहावं आणि मग फोन लावावा. वाण कोणता, रोवणीला किती दिवस झाले, बांधीत पाणी किती, एवढं सांगितलं तर पाणी कधी काढायचं आणि फवारा कुठे मारायचा हे समोरच्याला नेमकं सांगता येतं.

गैरसमज २ : सातबारा आहे, मग ई-पीक पाहणी कशाला?

वस्तुस्थिती : सातबारा जमीन कोणाची ते सांगतो. त्या जमिनीत यंदा काय उभं आहे, हे पीक पाहणीतून कळतं. पूर्वी ही नोंद तलाठी करायचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात शेतकऱ्याला स्वतःच बांधीत उभं राहून, पिकाचा फोटो काढून ती करता येते. फोटोसोबत जागेचीही नोंद होते, त्यामुळे घरी बसून हे काम होत नाही. डोंगरालगतच्या शेतात नेटवर्क नसेल, तर माहिती फोनमध्ये ठेवून गावात आल्यावर पाठवता येते. आपल्याकडे मोठा फोन नसला तरी अडत नाही. एकाच फोनवरून अनेक खातेदारांची नोंद होते, म्हणजे शेजाऱ्याचा किंवा कॉलेजात जाणाऱ्या पुतणीचा फोनही चालतो. नोंद करायची राहिली, तर पुढे विक्री, विमा आणि भरपाईच्या वेळी उभं पीक सिद्ध करताना दमछाक होते.

गैरसमज ३ : केंद्रावर धान न्यायचंच नाही, मग नोंदणी का करायची?

वस्तुस्थिती : हा समज थेट खिशाला चाट लावणारा आहे. आधारभूत खरेदी केंद्रावरची ऑनलाइन नोंदणी फक्त विक्रीसाठी असते, असं अनेकांना वाटतं. पण २०२३-२४ च्या खरिपात राज्य सरकारनं धानासाठी हेक्टरी २० हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, प्रोत्साहनपर रक्कम दिली, ती नोंदणी केलेल्या शेतकऱ्यांना. धान केंद्रावर विकलं की नाही, ही अट नव्हती. ज्यानं धान व्यापाऱ्याला दिलं पण नोंदणी केली होती, तो पात्र ठरला. ज्यानं तेवढाच घाम गाळला पण नोंदणी केली नाही, त्याचं नाव यादीत आलंच नाही.

गैरसमज ४ : कानातल्या बिल्ल्यात चिप असते, हरवलेली गाय फोनवर दिसते.

वस्तुस्थिती : बिल्ला हातात घेऊन पाहा. पिवळं प्लास्टिक, त्यावर बारा आकडे आणि उभ्या रेषांचा बारकोड. आत बॅटरी नाही, चिप नाही. तो गाय शोधून देत नाही, आणि त्याच्यामुळे जनावरावर करही बसत नाही. ते बारा आकडे म्हणजे ‘भारत पशुधन’ या राष्ट्रीय नोंदीतलं त्या जनावराचं खातं. लाळ्या-खुरकुताची लस कधी टोचली, कोणता उपचार झाला, हे त्या खात्यात लिहिता येतं. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीवर आणि वाहतुकीवर बंधन आलं.

याचा मोठा उपयोग भटक्या पशुपालकांना आहे. मेंढ्यांचा कळप घेऊन जिल्हे ओलांडणारे धनगर असोत, की विदर्भात गुरं घेऊन फिरणारे काठेवाडी पशुपालक, त्यांच्यासोबत कागद टिकत नाहीत. पावसात भिजतात, बिऱ्हाड हलवताना हरवतात. जनावराच्या कानातली नोंद मात्र त्याच्यासोबत चालते, आणि नव्या जिल्ह्यातल्या डॉक्टरला जुनी लस दिसते. २५ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत अशा फिरत्या पशुपालकांची माहिती पहिल्यांदाच वेगळी टिपायचं ठरलं. ज्यांची वेगळी मोजदादच होत नव्हती, त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

गैरसमज ५ : दामिनी ॲप फोनमध्ये टाकलं की विजेची भीती नाही.

वस्तुस्थिती : वीज चमकते तेव्हा रेडिओलहरी निघतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं देशभर बसवलेली यंत्रं त्या टिपतात आणि वीज कुठे कडाडली ते ठरवतात. दामिनी तुमच्याभोवतीच्या २० आणि ४० किलोमीटरच्या टप्प्यातली वीज दाखवतं. म्हणजे हाती येतात ती काही मिनिटं. त्या मिनिटांत झाडाखालून बाहेर पडायचं असतं. वीज झाडावर पडली की जमिनीत पसरते. गुराच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त असल्यानं तो प्रवाह अंगातून, काळजाजवळून जातो. म्हणून एका मोहाखाली उभी असलेली अख्खी खांड एकदम दगावते.

आणि दरेकसा-कचारगडच्या रानात ढोरक्याच्या फोनला रेंज नसेल, तर इशारा त्याच्यापर्यंत पोचणार कसा?

हीच या साऱ्यातली कळीची गोष्ट आहे. हे तंत्रज्ञान दोनच कामं करतं: नोंद ठेवतं आणि निरोप देतं. नोंद कोणीतरी बांधीत उतरून करावी लागते, आणि निरोप कोणीतरी पुढे न्यावा लागतो. सालेकशाच्या गावांत गोंडी, छत्तीसगढी, हिंदी आणि झाडीबोली शेजारी नांदतात. फोनवरचं पुस्तकी मराठी प्रत्येक आजीला कळेल असं नाही, पण नातवानं तिच्या बोलीत सांगितलं की कळतं. म्हणून प्रत्येक गावानं पावसाळ्याआधी एवढं ठरवावं: दुपारी आकाशावर आणि फोनवर लक्ष कोण ठेवील, आणि गुरं निघण्याआधीच ढोरक्याला कोण सांगेल की आज रान लांबचं नको, गावाजवळच चारा.