बिऱ्हाडाचा विस्तव

चूल ही घराची असे, स्टोव्ह हा बिऱ्हाडाचा. मातीने लिंपलेली, बाजूला वैल काढलेली आणि उंच कौलारू छपरातून आपला धूर सावकाश बाहेर सोडणारी चूल ज्या जागी मांडली त्या जागेचीच होऊन राही, आणि पोटापाण्यासाठी माणसे कोकणातून किंवा घाटावरून मुंबईस निघाली म्हणजे घरातील इतर सर्व वस्तूंची वाटणी झाली तरी तिला मात्र मागेच ठेवून निघावे लागे. स्टोव्हचे तसे नव्हते. बसक्या पोटाचा, तीन पायांचा तो पितळी स्टोव्ह पिंपात किंवा वळकटीत कोठेही मावे, आणि लालबागेत वा गिरगावात दहा बाय बाराच्या खोलीत सामान उतरल्यावर तासाभरात त्यावर चहाचे आधण चढे. विसाव्या शतकात मराठी माणसाचा संसार घरातून बिऱ्हाडात कसा गेला हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल, त्याने भाड्याच्या पावत्या आणि जनगणनेचे तक्ते पाहावेत हे खरे, परंतु त्याबरोबर या एका यंत्राचे चरित्रही पाहावे, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

या चरित्राचा आरंभ स्वीडनमध्ये होतो. स्टॉकहोम येथील फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट या कारागिराने १८९२ साली काजळी न धरणारा रॉकेलचा स्टोव्ह सिद्ध केला आणि त्याला ‘प्राइमस’ हे नाव मिळाले. त्यापूर्वी रॉकेलवर चालणाऱ्या शेगड्या नव्हत्या असे नाही, परंतु त्या वातीवर जळत, आणि वातीची पिवळी ज्योत भांड्याच्या बुडास काजळी आणि अन्नास वास लावल्यावाचून राहत नसे. लिंडक्विस्टची युक्ती अशी की, रॉकेल द्रवरूपात जाळावयाचेच नाही. टाकीत पंपाने हवा कोंडावयाची. त्या हवेच्या दाबाने रॉकेल नळीतून वर बर्नरमध्ये चढवावयाचे. बर्नर आधी स्पिरिटने तापवून ठेवलेला असल्यामुळे तेथे त्याची वाफ व्हावयाची. आणि ती वाफ सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून वेगाने बाहेर पडताना आपल्याबरोबर भोवतालची हवा ओढून घेऊन निळ्या ज्योतीने जळावयाची. एकदा ज्योत लागली की तिच्याच उष्णतेने पुढचे रॉकेल वाफेत परिणत होत राहते, म्हणून स्पिरिटचे काम पहिल्या दोन-तीन मिनिटांपुरतेच. जळण्याचा जो खर्जातला घरघराट या स्टोव्हला जन्मतःच चिकटला, तो या वेगाने सुटणाऱ्या वाफेचाच होता, आणि आमच्या पिढीतील असंख्य मुलांना पहाटेची पहिली जाणीव कोंबड्याने नव्हे, या आवाजाने करून दिलेली आहे.

याच १८९२ साली आणखी एक घटना घडली, तिचा संबंध प्रथमदर्शनी लक्षात येत नाही. मार्कस सॅम्युअल या इंग्रज व्यापाऱ्याचे ‘म्यूरेक्स’ हे टाकीचे जहाज काळ्या समुद्राकाठच्या बातूम बंदरातून रशियन रॉकेल भरून सुवेझ कालव्यातून पूर्वेकडे गेले. तोपर्यंत अमेरिकन रॉकेल पत्र्याच्या डब्यांत भरून, डबे लाकडी पेट्यांत घालून, जहाजांनी येत असे. टाकीतून आणलेले सुटे रॉकेल त्याहून स्वस्त पडावे असा सॅम्युअलचा हिशेब होता, आणि हिशेब म्हणून तो बिनचूक होता. परंतु पूर्वेकडील गिऱ्हाइकाने ते घेण्यास नाखुषी दाखविली, कारण त्याला रॉकेलइतकाच तो डबाही हवा होता! पाणी भरण्यास, धान्य ठेवण्यास, फोडून छपरावर घालण्यास त्या पत्र्यासारखी दुसरी सोय नव्हती. सॅम्युअलला अखेर पत्रा मागवून लाल रंगाचे डबे करवून घ्यावे लागले. घरगुती वस्तूंच्या प्रसाराचा विचार करणाऱ्यांनी ही गोष्ट नीट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. वस्तू एकटी कधीच येत नाही, आणि ज्याला आपण वेष्टन समजतो तेच पुष्कळदा घेणाऱ्याच्या लेखी मूळ वस्तू असते. आपल्याकडे ‘घासलेटचा डबा’ हा शब्दप्रयोग त्यातील घासलेट संपल्यानंतर कित्येक वर्षे चालू राहिला, आणि चाळीतील सार्वजनिक नळावर सकाळी जी रांग लागे, तीत माणसांपेक्षा त्या डब्यांचीच संख्या अधिक दिसे.

रॉकेल प्रथम आले ते उजेडासाठी. एरंडेल-करडईच्या समईची जागा कंदिलाने आणि चिमणीने घेतली, आणि शहरांत पुढे विजेच्या दिव्याने जेव्हा कंदिलास खुंटीवर टांगले तेव्हा रॉकेलाला दुसरे काम आधीच तयार होऊन बसले होते. मुंबईच्या चाळीत चूल पेटवावयाची म्हणजे धूर कोठे सोडावयाचा हा प्रश्न होता. खोलीला एक दार, एक खिडकी, वर पुन्हा दुसऱ्याचे बिऱ्हाड. लाकूडफाटा ठेवण्यास जागा नाही आणि पावसाळ्यात तो कोरडा राहील याची शाश्वती नाही. त्यातून गिरणीच्या पाळ्या सुरू झालेल्या. पहिल्या पाळीस जाणाऱ्या माणसाला भोंगा होण्यापूर्वी डबा हवा, आणि रात्रपाळीहून परतणाऱ्यास भलत्या वेळी गरम पाणी हवे. विझलेली चूल अशी हुकमी वेळेला पेटत नाही. स्टोव्ह पेटतो. चहाचा प्रसार आणि स्टोव्हचा प्रसार हे आपल्या शहरांत हातात हात घालून झाले असे मी म्हणतो ते याच कारणास्तव. दोन कप चहासाठी कोणी चूल फुंकीत बसणार नाही, परंतु पंपाचे दहा हात मारण्यास कोणाची हरकत नव्हती.

तरीही त्याने चुलीला लागलीच हुसकावून लावले नाही. पुण्या-साताऱ्याकडील जुन्या घरांत सोवळ्यातील स्वयंपाक आणि नैवेद्य चुलीवर, चहा, कॉफी, बाळाचे दूध आणि आजाऱ्याची पेज तेवढी स्टोव्हवर, अशी स्पष्ट वाटणी पुष्कळ वर्षे टिकून होती. भाकरी तर चुलीवरचीच खरी, हा निवाडा आजही कायम आहे. नवी वस्तू घरात शिरते ती जुनीच्या शेजारी पाट मांडून बसते. प्रथम तिला गौण कामे मिळतात, मग निकडीची, आणि एके दिवशी घरातल्या कर्त्या बाईच्या ध्यानात येते की चूल पेटवल्याला महिना झाला.

या यंत्राचा परिवार मोठा होता, आणि त्याचे वर्णन करताना मला थोडे रेंगाळावेसे वाटते. स्पिरिटची बाटली आणि ते ओतण्याची चिमुकली पळी. बर्नरभोवती चिमट्यासारखा बसणारा, स्पिरिटात भिजवलेला काकडा. कचरा अडकून ज्योत लाल पडली की छिद्र मोकळे करावयाची, पत्र्याच्या पट्टीच्या टोकास बसविलेली केसासारखी तार, म्हणजेच पिन. हवा सोडण्याची चावी. रॉकेल ओतण्याचे नरसाळे. आणि पंपाच्या दांड्याला बसवलेले चामड्याचे वॉशर, जे वाळले म्हणजे पंप नुसताच खाली-वर होई आणि हवा काही भरत नसे. मग वॉशर काढून, तेलात मुरवून, त्याची कड बोटांनी पसरून पुन्हा बसवावे लागे. पिन हा तर संसारातील रोजच्या निकडीचा पदार्थ होता. पाहुणे दारात आणि पिन सापडत नाही, असा प्रसंग ज्या घरी आला नाही असे घर विरळा. ती बाराखडीच्या पुस्तकांबरोबर, सुई-दोऱ्याबरोबर, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कोणत्याही दुकानात मिळे, आणि एकमेकांच्या दारी मागून आणलेल्या वस्तूंत विरजणाच्या खालोखाल तिचाच क्रमांक लागत असावा.

दुरुस्ती करणारा कारागीर खांद्याला पिशवी अडकवून चाळीच्या चौकात येई आणि एका लांब हेलात आपली वर्दी देई. तो जिन्याच्या पायथ्याशी बसे. त्याच्याभोवती पाच-सहा स्टोव्ह जमत. बर्नर पकडीने फिरवून काढणे, नळीतील कीट काढणे, टाकीस बारीक चीर गेली असेल तर तेथे डाख देणे, नवे निपल बसवणे, आणि शेवटी टाकी पाण्यात बुडवून बुडबुडे येतात की काय ते पाहणे, हा सर्व विधी तो अशा गंभीरपणे करी की आम्हा मुलांना तो वैद्यासारखा वाटे. त्याला रॉकेलच्या वासावरून भेसळ कळत असे. कोणत्या बाईच्या हाताला पंप जोरात मारण्याची सवय आहे हे तो वॉशर पाहून सांगे, आणि ते सांगताना त्याच्या स्वरात तक्रार नसून काळजी असे.

ती काळजी निराधार नव्हती. हा स्टोव्ह म्हणजे दाबाखाली ठेवलेले ज्वालाग्राही द्रव्य होते, आणि त्याच्याशी वागण्याचे नियम मोडले तर तो क्षमा करीत नसे. चालू स्टोव्हमध्ये रॉकेल भरणे, ज्योत मंद झाली म्हणून प्रमाणाबाहेर हवा मारणे, पातळ पत्र्याची हलकी टाकी विकत घेणे, या चुका गरिबाच्या घरी अधिक होत. आणि स्टोव्ह जमिनीवर, स्वयंपाक करणारी बाई त्याच्यापुढे पाटावर, पदर सदैव ज्योतीच्या उंचीवर, अशी एकंदर मांडणी होती. नायलॉनच्या साड्या आल्यावर भाजण्याचे स्वरूप अधिकच भयंकर झाले, कारण ते कापड जळताना वितळून अंगास चिकटते.

परंतु सगळेच भडके अपघाताचे नव्हते. ‘स्टोव्हचा भडका उडून’ हे शब्द सत्तर-ऐंशीच्या दशकांत पोलिसांच्या पंचनाम्यांत इतक्या वेळा आणि इतक्या ठराविक घाटाने येऊ लागले की, स्त्रियांच्या संघटनांनी एक साधा सवाल सरकारदरबारी आणि समाजापुढे मांडला : हा भडका सासूच्या किंवा नणंदेच्या हातून न होता सुनेच्याच हातून का होतो? त्या सवालास उत्तर नव्हते. हुंड्यासाठी होणाऱ्या छळाविरुद्ध भारतीय दंडसंहितेत १९८३ साली ४९८-अ हे कलम आणि हुंडाबळीसंबंधीचे ३०४-ब हे कलम १९८६ साली घालण्यात आले, त्यामागे जी जळालेली आयुष्ये आहेत, त्यांच्यापैकी कित्येकींच्या मृत्यूचा दोष दप्तरात या मुक्या यंत्राच्या नावे लिहिला गेला होता. या वस्तूविषयी मला कितीही ममता वाटत असली तरी तिचे चरित्र सांगताना हे पान गाळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

बिऱ्हाडाला चुलीपासून सोडवणाऱ्या स्टोव्हने त्याला शिधावाटप दुकानाशी मात्र बांधून टाकले. लाकूडफाटा गावी कोठूनही गोळा करता येई. रॉकेल सरकारी नियंत्रणाखाली, शिधापत्रिकेवर, माणशी ठरलेल्या लिटरांनीच मिळे. हातगाडीवरचे पिंप गल्लीत आले की कॅन घेऊन धावणाऱ्या बायका आणि मुले, आणि ‘रॉकेल संपले’ ही पाटी, हे दृश्य कोण विसरेल? १९७२ च्या दुष्काळाच्या काळात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर इत्यादींनी महागाईविरुद्ध उभारलेल्या आंदोलनात हजारो बायका हातात लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हा धान्य, साखर आणि गोडेतेल यांच्या जोडीने रॉकेलही त्यांच्या तोंडी होते. पुढे १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलाचा हात आखडता घेतला, आणि लालबागेतील एका खोलीतली निळी ज्योत जगाच्या कोणत्या कोपऱ्याशी जोडलेली आहे हे घराघरांत समजले.

जो स्टोव्हची जागा घेणार होता तो गॅस तोवर शहरात येऊन राहिलेला होता. बर्मा-शेल कंपनीने १९५५ साली मुंबईत ‘बर्शेन’ या नावाने सिलिंडरमधील गॅस विकण्यास आरंभ केला, परंतु तो सुखवस्तू घरांतच दिसे. पुढे मागणी वाढली तसा ‘गॅसला नंबर लावणे’ हा मध्यमवर्गीय आयुष्यातील एक टप्पाच होऊन बसला. नंबर लावल्यावर वर्षे जात, आणि तो आला म्हणजे पेढे वाटले जात. गॅसबरोबर ओटा आला. पाटावर बसून रांधणारी बाई उभी राहिली, पदर ज्योतीपासून दूर गेला, आणि मला वाटते आपल्या स्वयंपाकघराच्या इतिहासात याहून मोठा पालट झालेला नाही. मात्र स्टोव्ह लगेच गेला नाही. सिलिंडर संपून दुसरा येईपर्यंतच्या आठवड्यासाठी तो मोरीच्या कोपऱ्यात हजर राही.

त्याला खऱ्या अर्थाने घालवले ते एका शिक्क्याने. ज्या घरी गॅस आला त्या घराच्या शिधापत्रिकेवर तशी नोंद होऊन रॉकेलचा वाटा घटवला किंवा बंद केला जाई. यंत्र शाबूत, हात सरावलेले, परंतु इंधन परक्याचे झाले. २००१ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागातील सुमारे १९ टक्के कुटुंबे रॉकेलवर स्वयंपाक करीत होती. २०११ मध्ये ती सुमारे साडेसात टक्के उरली, आणि गॅसवाली ४८ वरून ६५ टक्क्यांवर गेली. या दहा वर्षांत स्टोव्ह एकेक पायरी उतरला : कुटुंबाकडून खोली करून राहणाऱ्या विद्यार्थ्याकडे, विद्यार्थ्याकडून बांधकामावरच्या मजुराकडे, तेथून रस्त्याच्या कडेच्या चहाच्या गाडीवर. २०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि गरिबाच्या झोपडीतही सिलिंडर पोहोचला. पिना विकणारी दुकाने आधी मोबाइलची झाली होती. तो पिशवीवाला कारागीर केव्हा येईनासा झाला हे कोणीच टिपून ठेवले नाही.

आंद्रे या स्वीडिश प्रवाशाची बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघालेली तुकडी १८९७ साली बर्फात नाहीशी झाली. तिचा मुक्काम ३३ वर्षांनी, १९३० मध्ये सापडला, तेव्हा त्या सामानातील प्राइमस अजून चालण्याजोगा होता. मला ही हकिकत आठवली ती गेल्या पावसाळ्यात, माळ्यावरून आमचा जुना स्टोव्ह काढला तेव्हा. पितळ हिरवे पडले होते. चिंच आणि राखेने ते घासले. वॉशर लाकडासारखे कडक झाले होते, ते दोन दिवस खोबरेल तेलात भिजत ठेवले. पिन कागदाच्या पुडीत, जशीच्या तशी होती. पंप मारला, तो हाताला जड लागला, आणि चावी सैल करताच कोंडलेली हवा पूर्वीसारखीच सुस्कारा टाकून बाहेर पडली. मग बाटली घेऊन बाहेर पडलो. कोपऱ्यावरच्या शिधावाटप दुकानदाराने नुसतीच मान हलवली. पलीकडच्या रंगाच्या दुकानात त्यांनी टर्पेंटाइन पुढे केले. आणि तिसऱ्या दुकानातल्या तरुण मुलाने ‘रॉकेल म्हणजे काय?’ असे अगदी आदराने विचारले.