पेडणे, डिचोली, मये : शशिकला काकोडकर यांच्या निवडणुकांची कहाणी

शशिकलाताई काकोडकर तीन मतदारसंघांतून विधानसभेवर निवडून आल्या : १९६७ साली पेडण्यातून, १९७२ आणि १९७७ साली डिचोलीतून, आणि मध्यंतरी दोन सपशेल पराभव पचवून १९८९ साली मयेतून. हे तिन्ही मतदारसंघ गोव्याच्या उत्तर भागातले असून पेडणे व डिचोली या दोनच तालुक्यांत ते सामावलेले आहेत. जिची सत्ता एके काळी काणकोणपासून दमण-दीवपर्यंत चालली, त्या मुख्यमंत्र्याची मतपेटी एवढ्याशा मुलखात का राहिली, हा प्रश्न वरवर भूगोलाचा दिसतो; परंतु त्याचे उत्तर शोधू लागले म्हणजे जमीन, भाषा आणि पक्षाची निशाणी या तीन गोष्टींपाशी यावे लागते.

पेडणे आणि डिचोली हे तालुके ज्यांना गोव्यात ‘नव्या काबिजादी’ म्हणतात त्या मुलखात मोडतात. तिसवाडी, बारदेश व सासष्टी हे महाल सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांच्या हाती गेले. उलट हे उत्तरेकडील महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, सावंतवाडीकरांशी झालेल्या झगड्यांत व तहांत, त्यांच्या अमलाखाली आले. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. म्हणून येथे देवळे राहिली, देवस्थानांची वहिवाट राहिली, कीर्तन आणि दशावतार राहिला, आणि घरात कोंकणी बोलणाऱ्या माणसाची पोथी, पत्र व शाळा मराठीत राहिली. राहिली त्याबरोबर जुनी जमीनदारीही. पेडण्यात देशप्रभूंसारखे मातबर घराणे होते. मये गावची जमीन तर पोर्तुगीज दरबाराच्या कृपेने एका ‘कोंद’ पदवीधारक घराण्याकडे होती आणि मुक्तीनंतर मालक पोर्तुगालास निघून गेल्यावर ती परागंदाची मालमत्ता म्हणून सरकारी कस्टोडियनच्या दफ्तरी पडली. भाटकाराच्या बागायतीत झोपडे बांधून राहणारा मुंडकार आणि परक्याचे शेत कसणारे कूळ, हे दोघेही मालकाच्या मर्जीवर जगत. १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीज गेले, परंतु भाटकार जागच्या जागीच होता.

या माणसांना १९६३ साली प्रथमच विधानसभेसाठी मताचा अधिकार मिळाला आणि त्यांनी तो अशा रीतीने वापरला की दिल्लीकर चकित झाले. ज्या काँग्रेसच्या केंद्र सरकारने गोवा मुक्त केला, तिला गोव्याच्या भूमीवर एकही जागा मिळाली नाही. महाराष्ट्रात विलीनीकरण मागणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षाने मित्रपक्षासह तीसपैकी १६ जागा जिंकल्या आणि पेडण्यात जन्मलेले, खाणमालक असूनही बहुजनसमाजाचे लाडके झालेले दयानंद बांदोडकर, अर्थात भाऊसाहेब, पहिले मुख्यमंत्री झाले. गमतीची गोष्ट अशी की त्या सार्वत्रिक निवडणुकीला ते स्वतः उभेच नव्हते. मागाहून पोटनिवडणुकीने ते सभागृहात आले. लोकांनी भाऊसाहेबांना मत दिले असे आपण सर्रास म्हणतो, परंतु मतपत्रिकेवर त्या दिवशी होता तो सिंह. सिंह ही मगो पक्षाची निशाणी, आणि ज्या समाजात अक्षरओळख थोड्यांनाच होती त्या समाजात निशाणी हेच पक्षाचे नाव, निशाणी हाच त्याचा जाहीरनामा.

भाऊसाहेबांच्या कन्या शशिकलाताईंचा जन्म ७ जानेवारी १९३५ रोजी झाला. पणजीतील शाळा, पुढे उच्च शिक्षण, १९६३ साली गुरुदत्त काकोडकर यांच्याशी विवाह, असा त्यांचा क्रम होता. सुशिक्षित आणि संपन्न घरातल्या त्या काळच्या मुलीचा तो रूढ क्रम म्हणता येईल. राजकारणात त्यांचा प्रवेश झाला तो मोठ्या विलक्षण घटकेस. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. विलीनीकरणाची निशाणी फूल आणि स्वतंत्र अस्तित्वाची निशाणी दोन पाने. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली. पेडणे, डिचोली, सत्तरी या मुलखाने फुलाला साथ दिली, तथापि एकंदर गोव्याने ते नाकारले. ज्या एका मागणीसाठी पक्ष जन्मास आला ती मागणीच लोकांनी फेटाळली, म्हणजे आता पक्षाचे विसर्जन होणार, असा हिशेब पुष्कळांनी मांडला होता. तो साफ चुकला. अवघ्या अडीच महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली, मगो पक्षाने पुन्हा १६ जागा घेतल्या, आणि त्याच निवडणुकीत बत्तीस वर्षांच्या शशिकलाताई पेडण्यातून प्रथम आमदार झाल्या. विलीनीकरण हे पक्षाचे शिखर असेल. त्याचा पाया कुळाच्या शेतात आणि गावोगावच्या मराठी प्राथमिक शाळेत होता, हे त्या निकालाने दाखवून दिले.

१९७२ साली त्या डिचोलीतून उभ्या राहिल्या. शेतीइतकीच लोहखनिजाच्या खाणींनी व्यापलेल्या या तालुक्यात त्या जिंकल्या आणि वडिलांच्या मंत्रिमंडळात राज्यमंत्री झाल्या. मगो पक्षाच्या जागा या खेपेस १८ झाल्या. पक्षाच्या वैभवाचा तो माध्यान्ह होय. पुढल्याच वर्षी, १२ ऑगस्ट १९७३ रोजी, भाऊसाहेब एकाएकी वारले आणि दुसऱ्या दिवशी ताईंनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. कन्येला गादी मिळाली, अशी टीका तेव्हा झाली आणि ती अगदीच निराधार होती असे म्हणवत नाही. परंतु वारशाने आलेली खुर्ची केवळ सांभाळणारे राज्यकर्ते पुष्कळ असतात. ताईंनी वडिलांनी अर्धे सोडलेले काम हाती घेतले. १९७५ साली मुंडकारांना घरातून हुसकावण्यास मनाई करणारा कायदा झाला. १९७६ साली कूळकायद्याला पाचवी दुरुस्ती होऊन कसणारा हाच जमिनीचा मालक गणला जाऊ लागला. भाटकारांनी अर्थातच न्यायालयात धाव घेतली. कज्जे वर्षानुवर्षे चालले, आणि १९८४ साली संविधानाच्या सत्तेचाळिसाव्या दुरुस्तीने हा कायदा नवव्या अनुसूचीत गेला तेव्हा कुठे त्यास बळकट आधार मिळाला. माझ्या मते त्यांच्या साऱ्या निवडणुका एका पारड्यात घातल्या आणि हे दोन कायदे दुसऱ्यात, तर दुसरे पारडेच जड भरेल.

१९७७ साली आणीबाणी उठल्यावर देशभर जनता पक्षाची लाट आली, ती गोव्याच्या किनाऱ्याला जेमतेम लागली. मार्चमध्ये पणजीच्या लोकसभा मतदारसंघातून मगो पक्षाचे अमृत कासार निवडून आले, आणि जूनमध्ये विधानसभेत मगो १५, काँग्रेस १०, जनता ३ व अपक्ष २ असा निकाल लागला. डिचोलीने ताईंना पुन्हा निवडून दिले, त्या पुन्हा मुख्यमंत्री झाल्या, परंतु तीसांच्या सभागृहात पंधरा म्हणजे बहुमताच्या उंबरठ्यावरच अडलेले पाऊल. बाहेरही वारे पालटले होते : यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध रांपणकार मच्छीमार उठले होते, बसभाड्यातील सवलतीसाठी विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. अखेर पक्षातलेच काही आमदार फुटले आणि २७ एप्रिल १९७९ रोजी सरकार कोसळून राष्ट्रपती राजवट लागू झाली. पक्षांतरबंदीचा कायदा यायला अद्याप सहा वर्षे अवकाश होता. आमदार फुटण्याच्या कलेत गोव्याने पुढे जे नैपुण्य संपादन केले, त्याचा हा आरंभीचा धडा म्हणायला हरकत नाही.

आणि मग १९८० चा जानेवारी उजाडला. काँग्रेसच्या अर्स गटाने २० जागा जिंकल्या, मगो पक्ष सातावर आला, आणि डिचोलीतून ताई पराभूत होऊन काजूच्या व्यापारातले प्रतिष्ठित नाव असलेले हरीश झांट्ये निवडून आले. हा पराभव एकट्या ताईंचा की सिंहाचा? त्याच महिन्यातील लोकसभेच्या निवडणुकीत पणजीतून मगो पक्षाच्याच संयोगिता राणे विजयी झाल्या, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. सिंहाला दिल्लीस धाडणारे मतदार त्याला पणजीच्या सचिवालयात मात्र पुन्हा बसवीनात. त्यांचा रोष निशाणीवर नसून सहा वर्षांच्या कारभारावर, आणि म्हणून कारभारणीवर, होता असा याचा अर्थ मी करतो. आणखी एक कारण मला जाणवते, ते उघडपणे बोलले जात नाही. मुंडकाराला घराची शाश्वती आली आणि कुळाला जमिनीच्या मालकीची आशा लागली, की त्याचे भाटकाराविषयीचे भय कमी होते, आणि ज्या भयापोटी तो एका पक्षाभोवती गोळा झाला होता ती एकजूटही त्याबरोबर सैल पडते. ताईंच्या कायद्यांनी ताईंच्या मतदाराला मोकळे केले. तो मोकळा झालेला मतदार डिचोलीत दुसरीकडे गेला.

पराभवाहूनही गंभीर चूक झाली ती त्यानंतर. विधानसभेत उरलेल्या सात आमदारांपैकी बहुतेकांना घेऊन ताई इंदिरा काँग्रेसमध्ये गेल्या. सिंहापाशी राहिले ते पेडणे तालुक्यातील मांद्र्याचे रमाकांत खलप आणि बाबुसो गांवकर असे दोनच आमदार. राष्ट्रीय पक्षाच्या विशाल दिंडीत प्रादेशिक पुढाऱ्याला मानाचे स्थान मिळेल ही अपेक्षा फोल ठरली; ताई तेथून बाहेर पडल्या, वडिलांच्या नावे त्यांनी भाऊसाहेब बांदोडकर गोमंतक पक्ष काढला आणि १९८४ ची निवडणूक लढवली. भाऊसाहेबांचे नाव होते, भाऊसाहेबांची कन्या होती, फक्त सिंह नव्हता. त्या पक्षाचा धुव्वा उडाला. दोन आमदारांवर आलेला मगो मात्र त्याच निवडणुकीत आठ जागांवर पोहोचला. निशाणी आणि घराणे यांपैकी मतदार कोणाला ओळखतो, याचा याहून स्पष्ट कौल क्वचितच मिळतो.

याला अपवाद नाही असे नव्हे. मगो पक्षातूनच पुढे आलेले, भाऊसाहेबांच्या मंत्रिमंडळात बसलेले प्रतापसिंह राणे काँग्रेसमध्ये गेले आणि अनेक वेळा मुख्यमंत्री झाले. पण सत्तरीत राणे हे पक्षाहून जुने नाव आहे. पिढ्यान्‌पिढ्या पोर्तुगीजांविरुद्ध बंडे करणाऱ्या त्या मुलखाचे मत निशाणीमागे न जाता घराण्यामागे गेले. पेडणे आणि डिचोली यांनी बांदोडकर घराण्याला तसे इमान कधी दिले नाही, आणि कुळामुंडकारांच्या पक्षाकडून तसे इमान मागणेही विसंगतच झाले असते.

ताई स्वगृही परतल्या. १९८७ साली गोवा घटकराज्य झाला, विधानसभा चाळीस जागांची झाली, आणि १९८९ च्या नोव्हेंबरातील निवडणुकीत काँग्रेस २० व मगो १८ अशी अटीतटीची विभागणी होऊन मयेतून, सिंहाच्याच निशाणीवर, ताई निवडून आल्या. काही महिन्यांत काँग्रेस फुटली. लुईस प्रोत बार्बोझा यांच्या मंत्रिमंडळात खलप उपमुख्यमंत्री आणि ताई शिक्षणमंत्री झाल्या. ते सरकार १९९० चे वर्षही पुरते टिकले नाही; परंतु तेवढ्या अवधीत ताईंनी असा निर्णय केला की सरकारी अनुदान मराठी किंवा कोंकणी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाच मिळावे. एकवीस वर्षे हे धोरण टिकले. २०११ साली इंग्रजी माध्यमालाही अनुदान देण्याचे ठरले तेव्हा पंच्याहत्तरी ओलांडलेल्या ताई भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या आंदोलनात उतरल्या. मराठीच्या हक्कासाठी जन्मभर झगडलेली ही बाई उतारवयात मराठी आणि कोंकणी दोघींची बाजू घेऊन उभी राहिली, ही गोष्ट गोव्यातील भाषावादाच्या दोन्ही पक्षांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

सिंहापाशी राहिलेल्या खलपांचे पुढे काय झाले, हेही येथे सांगितले पाहिजे. मांद्र्यातून वारंवार निवडून येऊन १९९६ साली ते मगो पक्षातर्फे लोकसभेवर गेले. पंतप्रधान देवेगौडांना तेव्हा एकेक खासदार मोलाचा होता. गोव्याच्या या इवल्याशा पक्षाचा एकुलता एक प्रतिनिधी केंद्रात विधी खात्याचा राज्यमंत्री झाला, आणि १२ सप्टेंबर १९९६ रोजी लोकसभेत स्त्रियांच्या राखीव जागांचे पहिले विधेयक मांडण्याचा मान पेडण्याच्या या माणसास मिळाला. १९९८ साली ती जागा काँग्रेसच्या रवी नाईकांकडे गेली. पुढे खलपही काँग्रेसवासी झाले, आणि २०२४ साली उत्तर गोव्यातून काँग्रेसचे उमेदवार म्हणून भाजपच्या श्रीपाद नाईकांसमोर एक लाखाहून अधिक मतांनी हरले. प्रादेशिक पक्षात राहून दिल्लीची मंत्रिपदे भोगलेला माणूस राष्ट्रीय पक्षात गेल्यावर दिल्लीस पोहोचू शकला नाही; ताईंचाच अनुभव, फक्त उशिरा आलेला.

पेडणे तालुक्याने इतर कोणाचाही मुलाहिजा ठेवला नाही. २०१७ साली मांद्र्याने लक्ष्मीकांत पार्सेकर या विद्यमान मुख्यमंत्र्यांस घरी बसवले. विधानसभेचा पेडणे मतदारसंघ आता अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. भाऊसाहेबांच्या जन्मगावाच्या पट्ट्यात झालेला हा बदल त्यांना नापसंत पडला नसता असे वाटते.

२८ ऑक्टोबर २०१६ रोजी शशिकलाताई निवर्तल्या. २०२२ च्या निवडणुकीत मगो पक्षाचे दोनच आमदार आले, एक मडकईतून आणि दुसरा मांद्र्यातून. ताईंनंतर गोव्याच्या मुख्यमंत्रिपदावर आजवर दुसरी स्त्री बसलेली नाही.