डिझेल पिकअपचे इंजिन ट्यूनिंग

डिझेल पिकअपचे इंजिन ट्यूनिंग म्हणजे इंजिन नियंत्रक संगणकातील (ईसीयू) इंधनाचे प्रमाण, फवारणीची वेळ आणि टर्बोचा दाब यांची मूळ मूल्ये बदलण्याची प्रक्रिया होय. यास रिमॅपिंग असेही म्हणतात.

सेटिंगची निवड

योग्य सेटिंग वाहनाच्या कामावरून ठरते. रिकाम्या वाहनास वेग घेताना क्षणभर जोर लागतो, तर भरलेल्या वाहनास चढावर सलग जोर लागतो. उदाहरणार्थ, रायगड जिल्ह्यातील करंजाडे येथून माल घेऊन पुण्याकडे जाणाऱ्या पिकअपला बोरघाट चढावा लागतो.

एक किलो डिझेल पूर्ण जळण्यास सुमारे १४.५ किलो हवा लागते. धूर टाळण्यासाठी प्रत्यक्षात त्याहून बरीच अधिक हवा पुरवली जाते. इंधन वाढवून हवा न वाढवल्यास काळा धूर निघतो व निष्कास वायूंचे तापमान चढते. असे तापमान दीर्घकाळ राहिल्यास टर्बो व पिस्टन यांना, तर वाढीव टॉर्कमुळे क्लचला हानी पोहोचू शकते. म्हणून रिकाम्या गाडीत चपळ वाटणारे सेटिंग घाटात घातक ठरू शकते. नियमित मालवाहतुकीसाठी मूळ सेटिंग किंवा माफक वाढ अधिक सुरक्षित असते.

कायदेशीर बाजू

भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ उत्सर्जन मानके लागू आहेत. धूरकण गाळणारी जाळी (डीपीएफ) काढून केलेले ट्यूनिंग या मानकांशी विसंगत ठरते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९०(२) नुसार वायुप्रदूषण मानकांच्या उल्लंघनास दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा कारावासाची तरतूद आहे.